मुलांच्या केसांना ‘टेम्पररी’ रंग: धुतल्यावर काय जातं आणि काय उरतं?

वाढदिवसाची सकाळ. पाच वर्षांच्या मुलीची एक वेणी गुलाबी, दुसरी निळी. मागे ट्रेंडिंग गाणं आणि पंधरा सेकंदांचं रील. दुपारपर्यंत खाली कमेंट्समध्ये दोन तट पडलेले असतात. एक तट आईवडिलांची अक्कल काढतो, एवढ्याशा जिवाच्या डोक्याला केमिकल कसलं फासता म्हणून. दुसरा तट त्यांना शांत करतो की बाबांनो, टेम्पररी आहे, धुतलं की जातं.

मे महिन्याची सुट्टी असो, शाळेचं गॅदरिंग असो किंवा एखादी थीम पार्टी, रील बदलतं पण भांडण तेच राहतं. आणि दोन्ही बाजू ज्या एका शब्दाभोवती फिरत असतात, तो शब्द नेमकं काय सांगतो हे मात्र कुणी विचारत नाही.

‘टेम्पररी’ हा शब्द केसांच्या रंगीत खडूवर असतो, रंगीत वॅक्सच्या डबीवर असतो, स्प्रेच्या कॅनवर असतो. आठ-दहा वेळा धुतल्यावर उतरणाऱ्या क्रीमलाही लोक टेम्पररी म्हणतात आणि पार्लरमध्येही हाच शब्द कानावर पडतो. यातल्या काही गोष्टी खरोखर संध्याकाळच्या अंघोळीत निघून जातात. काहींमध्ये रंग जातो, पण केस पूर्वीसारखा राहत नाही. लहान मुलांच्या बाबतीत सगळा प्रश्न या फरकाचा आहे.

केस रंगतो म्हणजे नेमकं काय होतं?

केसाची बाहेरची बाजू कौलारू छपरासारखी असते. एकावर एक चढलेली बारीक कौलं. या कौलांच्या आत केसाचा गाभा असतो आणि केसाला काळा, तपकिरी किंवा सोनेरी रंग देणारं मेलॅनिन त्या गाभ्यात असतं.

खडू, वॅक्स, स्प्रे आणि हेअर मस्कारा यांचा रंग या कौलांवर बाहेरून बसतो. छपरावर धूळ बसावी तसा. पाऊस आला की धूळ गेली. याला खऱ्या अर्थाने टेम्पररी म्हणता येतं.

सेमी-परमनंट रंगाचे कण लहान असतात. ते कौलांच्या फटीतून थोडे आत शिरतात, त्यामुळे एका शाम्पूने जात नाहीत, हळूहळू फिके होत जातात.

परमनंट रंगाचं काम वेगळंच आहे. त्यातला अमोनिया किंवा तसाच दुसरा अल्कली पदार्थ कौलं उघडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन मूळचं मेलॅनिन फिकं करतं. सोबत गेलेले छोटे रेणू आतल्या आत एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात आणि तिथेच अडकतात. म्हणून हा रंग धुऊन जात नाही, केस वाढेल तसा फक्त खाली सरकतो.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही हेअर कलरच्या जाहिरातीतून थोडीफार कळते. पुढची अडचण जाहिरात सांगत नाही.

अडचण काळ्या केसांची आहे

इंटरनेटवर मुलांच्या रंगीत केसांचे जे व्हिडिओ सर्वाधिक फिरतात, त्यातले बरेचसे अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातले असतात. तिथल्या शाळांमध्ये ‘क्रेझी हेअर डे’ नावाचा प्रकार आहे. त्या दिवशी मुलं चित्रविचित्र केशरचना करून, केस रंगवून शाळेत येतात. ऑस्ट्रेलियात तर १९९८ पासून ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट शेव्ह’ नावाचा उपक्रम चालतो. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी उभा करायला लोक डोकं भादरतात किंवा केस रंगवतात. शाळाही त्यात भाग घेतात. स्प्रेचा एक कॅन, निळं डोकं, घरी जाऊन अंघोळ. विषय संपला.

या व्हिडिओंत अनेकदा मुलांचे केस सोनेरी किंवा फिके तपकिरी असतात. त्यावर गुलाबी रंग एका हातात उठून दिसतो. आपल्याकडच्या मुलांच्या काळ्याभोर केसांवर तोच रंग लावला तर उन्हात जरा लालसर झाक दिसते, बस्स.

कारण साधं आहे. काळ्या कागदावर गुलाबी स्केचपेन चालवून बघा. काहीच दिसत नाही. पण काळ्या फळ्यावर गुलाबी खडू स्पष्ट दिसतो. पेनची शाई पारदर्शक असते, खालचा काळा रंग तिच्यातून दिसत राहतो. खडूची भुकटी अपारदर्शक असते, ती खालचं झाकून टाकते.

केसांचंही तसंच. काळ्या केसावर झगझगीत रंग दिसायचा असेल तर दोनच वाटा आहेत. एक तर वरून जाड, झाकणारा रंग बसवायचा. नाहीतर खालचा काळा रंग काढून टाकायचा.

पहिली वाट खडू, वॅक्स आणि स्प्रेची. दुसरी वाट ब्लीचची. आणि गोंधळ दुसऱ्या वाटेवर होतो.

पार्लरमधलं ‘टेम्पररी’

समजा आई मुलीला घेऊन पार्लरमध्ये गेली आणि म्हणाली, हिला एक गुलाबी बट करून द्या, पण टेम्पररी हवी, शाळा सुरू व्हायच्या आत गेली पाहिजे. समोरून उत्तर येतं, हो, महिनाभरात निघून जाईल.

हे उत्तर खोटं नसतं. गुलाबी रंग सेमी-परमनंट असतो आणि तो खरंच महिनाभरात निघून जातो. पण तो काळ्या केसावर दिसावा म्हणून आधी त्या बटेला ब्लीच केलेलं असतं आणि ते ब्लीच कधीच निघून जात नाही. महिन्याभराने गुलाबी उतरतो आणि खाली पिवळट-केशरी, सुतळीसारखी कोरडी बट उरते.

निळ्या रंगाचं आणखी वेगळं. काळा केस उजळताना आधी लालसर, मग केशरी, मग पिवळा होतो. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवट छटा येते. ती टाळायची तर आणखी उजळवायला लागतं. म्हणजे ब्लीच आणखी वेळ ठेवायचं किंवा पुन्हा करायचं.

ब्लीचच्या पावडरीत पर्सल्फेट क्षार असतात. ती हायड्रोजन पेरॉक्साइडच्या डेव्हलपरमध्ये कालवतात. हे डेव्हलपर साधारण ६, ९ आणि १२ टक्के ताकदीचे मिळतात, पार्लरच्या भाषेत २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम. डोक्याच्या त्वचेला हे मिश्रण जास्त वेळ लागून राहिलं तर आग होते, फोड येतात, कधी रासायनिक भाजण्यापर्यंत जातं. पर्सल्फेट हे केशकर्तनाच्या व्यवसायातल्या लोकांना होणाऱ्या दम्याचं एक नोंदलेलं कारण आहे. मोठी माणसं मास्क लावून, खिडकी उघडून हे काम करतात, आणि इथे सहा वर्षांचं मूल त्या वासात अर्धा तास खुर्चीत बसून असतं. शिवाय ते स्थिर बसत नाही. डोळ्यावर आलेली बट हाताने मागे सारतं आणि तोच हात डोळ्याला लावतं.

फॉइलमध्ये गुंडाळून, मुळांपासून लांब, फक्त टोकांना ब्लीच केलं तर त्वचेला धोका बराच कमी होतो, हे खरं. तरीही जो केस उजळला तो उजळला. केस ही निर्जीव गोष्ट आहे, ती स्वतःला दुरुस्त करत नाही. मूळ काळा रंग परत येतो तो फक्त मुळाकडून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने.

त्यामुळे पार्लरमध्ये ‘टेम्पररी आहे का’ हा प्रश्न विचारून फारसं काही कळत नाही. ‘आधी ब्लीच करणार का’ हा प्रश्न विचारला की लगेच कळतं.

पीपीडीची भीती खरी, पण जागा चुकलेली

कमेंट्समध्ये ‘केमिकल’ म्हणून ज्याचा धाक दाखवला जातो, त्यात सर्वात कुप्रसिद्ध नाव पॅरा-फेनिलीनडायअमिनचं, म्हणजे पीपीडीचं. परमनंट रंगांमध्ये, विशेषतः काळ्या आणि गडद तपकिरी छटांमध्ये, हा पदार्थ मोठ्या प्रमाणावर वापरतात. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ साली त्याला ‘अॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. असले पुरस्कार कुणालाही नको असतात.

पीपीडीची अॅलर्जी दोन कारणांमुळे फसवी आहे. एक, ती लगेच दिसत नाही. रंग लावल्यावर बहुधा एक ते तीन दिवसांनी खाज, पुरळ, पापण्यांना सूज असं सुरू होतं. तोपर्यंत घरच्यांच्या डोक्यातून रंगाचा विषय गेलेला असतो, दोष डासांना किंवा बाहेरच्या खाण्याला दिला जातो. दुसरं, शरीराने एकदा का हा पदार्थ ‘शत्रू’ म्हणून नोंदवला की ती नोंद सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. पुढे त्याच घराण्यातल्या इतर रसायनांनाही, जसं की काही कापडी रंग किंवा बेन्झोकेनसारखी बधिर करणारी औषधं, त्रास होऊ शकतो. सातव्या वर्षी लागलेली अॅलर्जी सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा केस रंगवताना उसळते, असं होऊ शकतं.

युरोपियन युनियनने म्हणूनच २०११ पासून अशा रंगांच्या पाकिटांवर १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी हे उत्पादन नाही, असा इशारा छापणं बंधनकारक केलं. डोक्यावर लावताना पीपीडीचं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ही मर्यादाही तिथे आहे. त्याच इशाऱ्यात ‘ब्लॅक हेना’च्या टॅटूचाही उल्लेख असतो, कारण जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर काढून मिळणाऱ्या त्या काळ्या नक्षीत अनेकदा पीपीडी मिसळलेलं असतं आणि मुलांना पहिली अॅलर्जी तिथूनच लागते.

आपल्याकडे काय? हेअर डायच्या पाकिटावरचा बारीक अक्षरातला इशारा बहुतेकांनी पाहिलेला असतो, वाचलेला नसतो. भारतीय नियमांनुसार त्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात. काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी, आणि भुवया-पापण्यांना हा रंग लावू नये कारण अंधत्व येऊ शकतं. चाचणी कशी घ्यायची तेही आत दिलेलं असतं. कानामागे किंवा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास थांबायचं, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी नव्याने करायची. नियमातल्या या ठरावीक मजकुरात वयाचा मात्र उल्लेख नाही.

आता यातला महत्त्वाचा भाग. गुलाबी खडूत किंवा निळ्या वॅक्समध्ये पीपीडीचं काही काम नसतं. ते परमनंट रंगात लागतं, कारण केसाच्या आत जाऊन रंग तयार करणं हे त्याचं काम आहे. त्यामुळे ‘केमिकल’च्या भीतीने दहा रुपयांच्या खडूवर तुटून पडायचं आणि पार्लरमधल्या ब्लीचला टेम्पररी म्हणून मान डोलवायची, हे उलटंच झालं. तसंच ‘नैसर्गिक’ म्हणून काळ्या मेंदीच्या पाकिटाला हो म्हणणंही. शुद्ध मेंदी केसांना केशरी-तांबूस रंग देते, काळा देत नाही. पंधरा मिनिटांत केस कुळकुळीत काळे करणाऱ्या ‘मेंदी’त मेंदीशिवाय आणखी काहीतरी असतं, आणि ते बहुतेक वेळा पीपीडीच असतं.

मग खडू, वॅक्स आणि स्प्रे बिनधास्त वापरायचे?

बिनधास्त नाही, पण इतर पर्यायांपेक्षा ते कितीतरी बरे.

यांतल्या त्यात सुटसुटीत म्हणजे रंगीत हेअर वॅक्स. मेण, माती आणि रंगद्रव्य यांचं हे मिश्रण असतं. ते ओल्या केसाला चोपडायचं आणि वाळू द्यायचं. काळ्या केसावर ते चांगलं दिसतं, भुकटी फारशी उडत नाही आणि शाम्पूने निघतं. कुरळ्या किंवा दाट केसांत गुंता मात्र होतो. कोरड्या केसावर कंगवा ओढला तर मूल रडणार. आधी थोडं खोबरेल तेल लावून मग धुतलं तर काम सोपं होतं.

खडूचा प्रश्न भुकटीचा. लहान मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि टाल्कसारखी बारीक पूड श्वासातून आत जाणं त्यांना चांगलं नाही. दमा असलेल्या मुलासाठी खडू नकोच. भुकटी गालावर आणि उशीवरही उतरते. केस चोखायची सवय असलेल्या मुलांच्या तोंडातही जाते, आणि ती सवय बऱ्याच मुलांना असते.

स्प्रेचा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. या कॅनमध्ये रंग बाहेर ढकलण्यासाठी ब्युटेन, प्रोपेनसारखे वायू असतात, सोबत बहुतेक वेळा अल्कोहोल. दोन्ही पेट घेतात. कॅनवर ज्वालेचं चिन्ह त्यासाठीच छापलेलं असतं. आता मुलांचे केस आपण कधी रंगवतो ते आठवा. वाढदिवसाला, जिथे पुढच्या तासाभरात मूल मेणबत्त्यांवर वाकणार असतं. दिवाळीत, जिथे हातात फुलबाजी असते. वाढदिवसाचा फेस उडवणारा स्प्रे मेणबत्तीवर पेटल्याचे व्हिडिओ अनेकांच्या फोनवर येऊन गेलेत. केसांचा स्प्रेही त्याच जातीचा. मारायचाच असेल तर गॅलरीत, मुलाच्या डोळ्यांवर टॉवेल धरून मारावा. पूर्ण वाळेपर्यंत आणि वास जाईपर्यंत मुलाला दिवा-मेणबत्तीच्या आसपास जाऊ देऊ नये.

इसब किंवा सतत खाजणारी त्वचा असलेल्या मुलांना यातलं काहीही लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारलेलं बरं. बाकीच्यांसाठीही कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस बघायला काही खर्च येत नाही. रंग लावल्यावर पापण्या किंवा ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर ताबडतोब धुवावं आणि डॉक्टरांकडे जावं. श्वासाला त्रास झाला तर वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावं.

तीन वर्षांखालच्या मुलांना? त्यांना रंगीत केस हवेच असतात असं नाही, फोटो आपल्याला हवा असतो. रंगीत केसांचे क्लिप किंवा रिबिनी हा त्यांच्यासाठी पुरेसा पर्याय आहे. तशी पोराच्या केसांची हौस आपल्याकडे जुनीच. जावळ काढायचा समारंभ होतो, मामाची मांडी लागते, फोटो निघतात. त्यातही त्या मुलाचं मत कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

घरगुती जुगाड आणि धारावीची आठवण

पैसे वाचवायला किंवा ‘केमिकल नको’ म्हणून घरी जे प्रयोग होतात, ते मात्र काळजी वाढवणारे आहेत. पताकांचा क्रेप कागद पाण्यात भिजवून त्याचं रंगीत पाणी केसांना लावायचं, फळ्याचे खडू ओले करून फिरवायचे, पोस्टर कलर फासायचा, रंगपंचमीचा उरलेला रंग वापरायचा. यातला कुठलाही रंग त्वचेसाठी बनवलेला नाही. त्वचेला चालणारे रंग कोणते याची यादी भारतात आहे, भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस ४७०७’. सौंदर्यप्रसाधनांत शिसं आणि आर्सेनिकची संयुगं रंग म्हणून वापरायला बंदी आहे. कागदाच्या आणि कापडाच्या रंगांना ही यादी लागूच होत नाही. तो कागद आहे, कुणी डोक्याला लावेल हे बनवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

रंग ज्या कामासाठी बनलेला नाही त्या कामाला वापरला की काय होऊ शकतं, हे मुंबईने पाहिलेलं आहे. २०१२ च्या होळीला धारावी परिसरातल्या शंभराहून अधिक मुलांना रंग खेळल्यानंतर उलट्या, चक्कर, जळजळ असे त्रास झाले. सायन रुग्णालयात त्यांची रांग लागली आणि एका मुलाचा मृत्यू झाला. तो औद्योगिक वापराचा रंग मुलांच्या हाती लागल्याचं तेव्हा समोर आलं होतं. केसांचा खडू आणि तो रंग यांची तुलना होऊ शकत नाही, ती करूही नये. पण मुलांना रंग फक्त रंग म्हणून दिसतो, तो कशासाठी बनवलाय हे मोठ्यांनाच बघावं लागतं.

आणि खाण्याचा रंग? तो विषारी नाही, पण निरुपयोगी आहे. पारदर्शक असल्यामुळे काळ्या केसावर दिसत नाही, कपाळ आणि कान मात्र दोन दिवस लाल ठेवतो.

पाकिटावर लिहिलेलं असतं तरी काय?

चांगला प्रश्न, कारण अनेकदा काहीच नसतं.

भारतात सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. त्यानुसार देशात बनलेल्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरायची मुदत हवी. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि ‘आरसी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. घटकांची यादीही हवी.

पण इथे एक पळवाट आहे. घन किंवा मलमासारखा माल ३० ग्रॅमपेक्षा कमी आणि द्रव ६० मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. लिपस्टिक किंवा काजळाच्या बोटभर डबीवर इतका मजकूर मावणार कसा, हा विचार करून दिलेली ही सवलत समजण्यासारखी आहे. अडचण अशी की मुलांसाठी विकले जाणारे हेअर चॉकचे पेन, मस्काराच्या कांड्या, वॅक्सच्या छोट्या डब्या नेमक्या याच वजनात बसतात. म्हणजे ज्या वस्तूंबद्दल पालकांना सर्वात जास्त माहिती हवी, त्यांच्यावरच ती नसली तरी चालतं. मुलांसाठीच्या मालाला ही सवलत काढून घेणं फार कठीण नाही. पेन लहान असला तरी तो ज्या खोक्यात येतो, त्यावर भरपूर जागा असते. तिथे युनिकॉर्न छापलेला असतो.

हीच वस्तू कधीकधी खेळण्यांच्या कप्प्यात, ‘मेकअप किट’ म्हणून विकली जाते. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावर ना ते चिन्ह, ना सौंदर्यप्रसाधनाचा परवाना क्रमांक, ना आयातदाराचा पत्ता असं असेल तर वस्तू परत ठेवावी. ‘नॉन-टॉक्सिक’ या एका शब्दावर भरवसा ठेवू नये. अमेरिकेत २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला लहान मुलींमध्ये लोकप्रिय असलेल्या दोन दुकानसाखळ्यांच्या मेकअप उत्पादनांत अॅस्बेस्टॉसचे अंश सापडले होते. ती काही फुटपाथवरची दुकानं नव्हती.

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडेही जाता येतं. पाकीट फेकून देऊ नका, त्याचा फोटो तरी काढून ठेवा. पाकिटाशिवाय तक्रारीला काही आधार राहत नाही.

आणि मग शाळा उघडते

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत केसांबद्दल लेखी नियम असो वा नसो, अपेक्षा सगळ्यांना माहीत असते. मुलींना दोन वेण्या आणि ठरलेल्या रंगाच्या रिबिनी, मुलांचे केस बारीक. रंगीत बट घेऊन आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी उभं केलं जाणार, हे उघड आहे. मुलगा असेल तर ‘टपोरी’ हा शब्दही ऐकावा लागतो. श्रीमंत शाळेतला निळा केस ‘क्रिएटिव्ह’ ठरतो आणि वस्तीतल्या शाळेतला ‘वाया गेलेला’.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला बंदी आहे. त्यामुळे सर्वांसमोर अपमान करणं किंवा वर्गात कात्री चालवणं शाळेला महागात पडू शकतं. पण ‘घरी जा आणि काळे करून या’ हे सांगणं इतकं साधं वाटतं की त्यावर कुणी वाद घालत नाही.

जपानमध्ये घातला गेला. ओसाकामधल्या एका सरकारी शाळेतल्या विद्यार्थिनीने २०१७ मध्ये दावा लावला. तिचे केस जन्मतःच तपकिरी आहेत आणि शाळा ते वारंवार काळे करायला लावते, त्याने डोक्याच्या त्वचेला त्रास होतो, असं तिचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली. केसांबद्दलचा नियम बेकायदा ठरला नाही. तिचं बाक वर्गातून हटवलं आणि नाव यादीतून काढलं, त्यासाठी ही भरपाई होती. पुढच्याच वर्षी टोकियोच्या सरकारी माध्यमिक शाळांनी केस काळेच हवेत असे नियम रद्द केले.

आपल्याकडे प्रश्न जन्मजात तपकिरी केसांचा नसतो, मे महिन्यातल्या ब्लीचचा असतो. सुट्टीत उजळवलेल्या बटेखाली जूनच्या मध्यापर्यंत जेमतेम एक-दीड सेंटिमीटर काळा केस आलेला असतो. गुलाबी उतरलेला असतो, खालचा पिवळा दिसत असतो आणि शाळा म्हणते काळे करून या. मग घरातलं कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून काळ्या रंगाचं पाकीट आणतं. त्यात पीपीडी असतं. पाकिटावर २४ तासांच्या चाचणीचा इशारा असतो आणि शाळा उद्या सकाळी सातला असते.

खडू लावला असता तर हा प्रसंग एका शाम्पूत मिटला असता. ब्लीच झालंच असेल तर ती बट कापून टाकणं, हा काळा रंग चढवण्यापेक्षा कमी नुकसानीचा उपाय आहे. एक-दोन बटा असतील तर न्हावी त्या बाकीच्या केसांत बेमालूम मिसळून देतो, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिथे पाच सेंटिमीटरभर नवे केस आलेले असतात.